प्रबोधनकाळ सलूनमध्ये गेला, त्याची हकिगत

ती. दादा यांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातल्या मनात. खरोखर वाकायला गेलो तर मागचं स्टूल सरकेल, आणि आमच्या घरात स्टूल सरकवणं हा गेले काही महिने गुन्हा आहे. का, ते पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तुम्ही करता, की आल्यागेल्याला नुसते वर्णन करून सांगता? वहिनींच्या डोळ्यातलं पाणी थांबलं असेल अशी आशा करतो. आमच्याकडे सगळे खुशाल. माझा रक्तदाब वर गेला होता, तो खाली आला, मग पुन्हा वर गेला. एका जागी राहणं त्याला जमत नाही, त्या बाबतीत तो माझ्यावर गेला आहे.

फोन करता आला असता, हे मान्य. पण मी फोनवर बोलायला लागलो की तुमची बहीण पलीकडच्या खोलीतून दुरुस्त्या सुचवत राहते, आणि शेवटी फोन तिच्याच हातात जातो. पत्रात निदान माणसाला आपलं म्हणणं शेवटपर्यंत मांडता येतं. शिवाय हकिगत लांबलचक आहे आणि तिच्यात माझी बाजू जरा लंगडी आहे, तेव्हा ती नीट पायरी पायरीने सांगायला हवी.

मूळ गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. नोकरीतून मोकळ्या झाल्यावर बायका फिरायला जातात, कुंड्या लावतात, सुनेशी भांडतात. हिला सून नाही (आणि एकुलती एक मुलगी असल्यामुळे पुढेही मिळायची आशा नाही), म्हणून हिने बाहेरून एम.ए.ला बसायचं ठरवलं, तेही इंग्रजी साहित्य घेऊन. बाकीचे पेपर पटापट सुटले. समीक्षेचा तेवढा मागे ठेवलाय, तो सावकाश द्यायचा. पण इतिहासाच्या पेपरात, म्हणजे इंग्रजी साहित्याचे कालखंड आणि चळवळी या प्रकरणात, गाडी रुतून बसली. माहिती नाही असं नाही हो. कुठल्याही कालखंडाचं नाव घ्या, ही तासभर बोलेल आणि तुम्ही पाणी प्यायला उठलात तर मागोमाग येऊन बोलेल. फक्त परीक्षेच्या खोलीत शिरलं की कुठला आधी आणि कुठला नंतर, याची हिच्या डोक्यात खिचडी होते. पहिल्या वेळी हिने रोमँटिक कवींना व्हिक्टोरिया राणीच्या पश्चात जन्माला घातलं. दुसऱ्या वेळी तो घोळ निस्तरला, तर त्याच्या आधीचा अख्खा एक तुकडाच गाळला. दोन्ही वेळा नापास. दुसऱ्या निकालानंतर घरी येऊन हिने घरातले सगळे पडदे काढले आणि धुतले. पडदे स्वच्छ होते. मला फार वाईट वाटलं, म्हणून मी पडदे वाळत घालायला मदत केली.

त्यात विद्यापीठाने जाहीर केलं की अभ्यासक्रम बदलतोय, जुन्या इतिहासाचा पेपर आता शेवटचा एकदाच होणार. या वेळी सुटला तर सुटला, नाहीतर आतापर्यंतचं सगळं पाण्यात आणि पुन्हा श्रीगणेशा. ते पत्रक वाचून ही म्हणाली, "या वयात पुन्हा पहिल्यापासून मी नाही बसणार." एवढंच. दादा, तुम्हाला तुमची बहीण माहीत आहे. ही आरडाओरडा करते तेव्हा घाबरायचं कारण नसतं. ही हळू आवाजात बोलली की मला धडकी भरते.

उपाय काढला आमच्या कन्येने. पूर्वीच्या काळी म्हणे मोठमोठे वक्ते लांबलचक भाषणं पाठ ठेवायला आपलं घर वापरायचे. एकेक मुद्दा मनातल्या मनात घरातल्या एकेका वस्तूवर ठेवून द्यायचा, आणि भाषणाच्या वेळी डोळ्यांपुढे घर आणून दारापासून माळ्यापर्यंत चालत जायचं. वस्तू क्रमाने लागतात, म्हणजे मुद्देही क्रमाने लागतात. मी म्हटलं, ही तर गोदामाची पद्धत झाली. (जन्मभर गोदाम सांभाळलेल्या माणसाला हे कळायला वेळ लागत नाही.) मी मोठ्या उत्साहाने हो म्हटलं. आपण कशाला हो म्हणतोय, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

तर आता आमचं घर तुम्ही असं समजा. बाहेरचं दार म्हणजे जुना इंग्रजी काळ. तिथली लोखंडी कडी, ओल्या छत्र्या आणि फटीतून येणारा गार वारा, म्हणजे समुद्र, लढाया आणि थंडीत कुडकुडणारे वीर. कडी आपटली की ठक ठक ठक असा एकच आवाज होतो, तशी त्यांच्या कवितेत एकाच अक्षराची पुन्हा पुन्हा आपटाआपट असायची म्हणे. आत आलं की बोळ, तो मध्ययुग. तिथे चपलांचं शेल्फ आहे. वरच्या कप्प्यात कन्येचे नाजूक बूट, ती राजदरबारातली फ्रेंच. मधल्यात माझे काळे बूट, जे फक्त लग्नात आणि मयताला बाहेर निघतात, ती धर्मगुरूंची लॅटिन. आणि खाली रोजच्या झिजलेल्या चपला, ती सामान्य लोकांची इंग्रजी. ही खालची मंडळीच शेवटी सगळ्यांना पुरून उरली, असं ही सांगते, आणि चपलांच्या बाबतीत ते मला पटतं.

हॉलमध्ये शिरल्याबरोबर डाव्या हाताला काचेचं कपाट, तुमच्याच घरून लग्नात आलेलं. तो प्रबोधनकाळ. त्यातला पृथ्वीचा गोल म्हणजे नवे देश शोधायला निघालेली जहाजं, चिनी मातीची बाहुली म्हणजे राणी, मुलीच्या शाळेतल्या नाटकाची ढाल म्हणजे रंगभूमी, खालचा जाडा शब्दकोश म्हणजे धर्मग्रंथाचं भाषांतर. मधल्या कप्प्यात बारा ग्लासांचा सेट, आणि शेजारी दुसऱ्याच कुठल्या सेटमधले राहिलेले दोन ग्लास. हे चौदा मिळून सुनीत, म्हणजे चौदा ओळींची कविता. बारा ओळींत म्हणणं मांडायचं आणि शेवटच्या दोन ओळींत त्याला कलाटणी द्यायची. (शेवटच्या दोन ओळींत कलाटणी देण्याची सवय तुमच्या घराण्यात पहिल्यापासून आहे, हे जाता जाता नमूद करतो.)

मग सोफा. त्याच्यावर खोळी होत्या तोवर धर्माच्या बाबतीत कडव्या लोकांचं राज्य, नाटकगृहांना अठरा वर्षं टाळं. खोळी काढल्या की राजा परत आला, नाटकं सुरू झाली, रंगेल लोक गाद्यांवर येऊन बसले. तो रेस्टोरेशनचा काळ. मी एकदा धूळ बसते म्हणून खोळी घातल्या, तर ही स्वयंपाकघरातून ओरडली की नाटकं कोणी बंद केली. त्याच्या पुढे जेवणाचं टेबल, तो अभिजातवाद. नियम, प्रमाण, तारतम्य. खुर्च्या दोन दोनच्या जोडीने, कारण तेव्हाचे कवी यमक जुळवून दोन दोन ओळी लिहायचे. मग बाल्कनी, म्हणजे रोमँटिक काळ. कुंड्या, पाखरं, आकाश, भावनांचा पूर. तिथे एक वेल बेफाम वाढून शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या खिडकीत शिरली आहे, पण कल्पनाशक्तीला कात्री लावता येत नाही म्हणून मला ती छाटायला बंदी. स्वयंपाकघर म्हणजे व्हिक्टोरियन. वाफेची शिटी देणारा कुकर, यंत्रं, काजळी, आणि फळीवर ओळीने लावलेले डबे म्हणजे दर महिन्याला एकेक भाग निघणाऱ्या जाडजूड कादंबऱ्या. न्हाणीघर म्हणजे आधुनिकता. तिथला आरसा तडकलेला आहे, तो तसाच ठेवायचा, कारण महायुद्धानंतर जग असंच तुकड्यातुकड्यांत दिसायला लागलं. आणि नळ गळतो तो गळू द्यायचा, कारण माणसाच्या मनातले विचार असेच अखंड ठिबकत असतात. दादा, खिशात पाना घेऊन महिनोनमहिने गळक्या नळाखाली तोंड धुणं काय असतं, हे ज्याचं जळतं त्यालाच कळतं. शेवटी माळा. तिथे सगळ्या काळांतलं सगळं एकावर एक पडलं आहे आणि कशाचा कशाला मेळ नाही. तो उत्तर-आधुनिकतावाद, आणि त्यासाठी काही करावं लागलं नाही.

आता माझी अवस्था लक्षात घ्या. दर रविवारी घरातलं काहीतरी हलवल्याशिवाय मला चैन पडत नाही, हे सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. गोदामात माझा नियम एकच, आधी आलेला माल आधी बाहेर. पडून राहिलेला माल जागा खातो. आणि इथे बघावं तर चारशे वर्षांपूर्वीचा माल अजून शेल्फवर, आणि वर सगळ्यात जास्त उठाव त्यालाच. मला तर कळेना की हे दुकान चालतं कसं. मी हिला तसं म्हटलंही. त्यावर हिने मला जेवणाच्या टेबलाच्या आणि बाल्कनीच्या मधल्या दारात एक वेताची खुर्ची टाकून दिली आणि सांगितलं की संध्याकाळी इथे बसत जा, इकडे तिकडे करू नका.

ही खुर्चीही गंमतच आहे. ती नेमकी उंबऱ्यावर येते. बसलं की एक पाय घरात आणि एक बाल्कनीत. वारा धड लागत नाही, पंखाही धड लागत नाही. मी दोनदा ती पुढे सरकवून पूर्ण बाल्कनीत नेली, आणि दोन्ही वेळा हिने परत होती तिथे आणून ठेवली. मला हात लावू द्यायचा नाही म्हणून डोळ्यांसमोर बसवून ठेवायची ही युक्ती आहे, हे मी ओळखलं. एकदा विचारलं की बाई गं, सगळ्या घरात तू एवढी शतकं मांडलीस, त्यात मी कुठे आहे? (मला आपली रोमँटिक काळाची थोडी आशा होती. कुंड्यांना पाणी मीच घालतो.) ही म्हणाली, परीक्षा झाल्यावर विचारा, आत्ता हलू नका.

इतके दिवस मी हललो नाही. आणि मग परीक्षा तोंडावर आली असताना मी जे केलं, ते केवळ प्रेमापोटी केलं, हे आधी लिहून ठेवतो.

ते काचेचं कपाट (तुमच्या वडिलांबद्दल पूर्ण आदर राखून) पहिल्यापासून एका पायाने लंगडं. पायाखाली पुठ्ठ्याची घडी. काच सरकवायला दोन माणसं लागायची. ही वर्षानुवर्षं त्याच्या नावाने बोटं मोडत आली. मी पाहिलं की आठवडाभर ही त्या कपाटासमोर उभी राहिलेली नाही. डोळे मिटून घरभर फिरते, पण उजळणी स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात चालते. मी गोदामाच्या हिशेबाने विचार केला. प्रबोधनकाळ खोक्यातून निघून हिच्या डोक्यात सुखरूप पोचला, म्हणजे माल उचलला गेला. मग रिकामं खोकं कशाला ठेवायचं? हिला एक छानसं नवं कपाट आणून द्यावं, आरसा लावलेलं, म्हणजे परीक्षेला जाताना हिला बरं वाटेल. ही ग्रंथालयात गेलेली असताना मी दुकानातून स्टीलचं कपाट आणवलं. जुनं त्यांनीच उचलून नेलं. आतलं सामान मी व्यवस्थित खोक्यात भरलं. गोल, बाहुली, ढाल, शब्दकोश, बारा ग्लास. दोन ग्लास सेटमध्ये बसत नव्हते, म्हणून ते कपाटाबरोबर जाऊ दिले.

ही आली. दारात चप्पल काढली, बोळातून आत आली आणि हॉलमध्ये डावीकडे वळून उभी राहिली. मी हसत होतो. तुम्ही माझं ते हसणं पाहिलं असतंत तर तुम्हीच मला दोन लगावल्या असत्या. हिने डोळे मिटले, ओठ हलले, दार, बोळ, आणि मग डोळे उघडून ती नव्या कपाटाकडे बघत राहिली. म्हणाली, "पुढे काहीच दिसत नाही." हळू आवाजात. मग सोफ्याच्या कडेवर बसली, आणि मी त्या नव्या आरशात पाहिलं तर माझं तोंड दिसलं, ते बघण्यासारखं नव्हतं. मी खोक्यातून बाहुली काढून तिच्यासमोर धरली, गोल धरला. काही उपयोग नाही. वस्तू होत्या, जागा नव्हती. दादा, माझ्या हातून आयुष्यात बरीच मोडतोड झाली, पण एका दुपारी अख्खं शतक कधी मोडलं नव्हतं.

मी तसाच घरातल्या सपाता घालून धावलो. दुकानवाला म्हणाला, गाडीवाल्याला विचारा. गाडीवाला म्हणाला, कपाट पुढे न्यायचा कंटाळा आला म्हणून कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये उतरवलं, त्यांना हवंच होतं. सलूनमध्ये जाऊन बघतो तर कपाट भिंतीला चार खिळ्यांनी ठोकून पक्कं केलेलं, वर निळा रंग मारलेला (अजून पुरता वाळलेलाही नाही), आणि आत तेलाच्या बाटल्या मांडलेल्या. सलूनवाला माणूस मोठा सज्जन, पण म्हणाला की साहेब, आता हे काढलं तर भिंतीसकट येईल. मी त्याला सगळी परिस्थिती समजावली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की म्हणजे ताईंची परीक्षा माझ्या कपाटात आहे का? मी म्हटलं, तिचा काही भाग. तो म्हणाला, मग ताईंना इथे घेऊन या, बाकावर बसू दे, त्यात काय एवढं.

अशा रीतीने तुमची बहीण रोज सकाळी पुरुषांच्या सलूनमध्ये जाऊन प्रबोधनकाळ करू लागली. पहिल्या दिवशी बाकावरची गिऱ्हाइकं जरा आवरून सावरून बसली. दुसऱ्या दिवसापासून कोणी लक्ष देईना. हिने सलूनवाल्याला सांगून बाटल्या लावून घेतल्या. ढालीच्या जागी लाल रंगाचा डबा, राणीच्या जागी गुलाबपाण्याची उंच बाटली, जहाजांच्या जागी वाफेचं यंत्र. त्या गृहस्थानेही ते इतकं मनावर घेतलं की एकाने डोक्याला लावायचं तेल मागितलं तेव्हा तो म्हणाला, ते आता नाटकात असतं, ताई उठल्या की काढतो. सुनीताचे बारा ग्लास मी घरून नेऊन दिले. राहिले दोन. शोधता शोधता सापडले, एकात दाढीचा ब्रश होता आणि एकात तुरटी. ते दोन्ही त्याने स्वच्छ धुऊन शेवटी उभे केले, तेव्हा कुठे सुनीत पुरं झालं. हिने त्या दोन ग्लासांकडे पाहिलं आणि किती दिवसांनी हसली. मला तेवढ्यानेच हलकं वाटलं.

एक अडचण मात्र झाली. सलूनमध्ये रोज नुसतं बसणं बरं दिसत नाही, कोणीतरी काहीतरी करून घ्यायला हवं. ही तर करून घेणार नाही. म्हणून मी रोज दाढी, आणि एक दिवसाआड केस. आता डोक्यावर कापण्यासारखं काही राहिलेलं नाही. वहिनींना एकदम दृष्टीस पडलो तर त्या मला ओळखणार नाहीत, म्हणून आधीच कळवतो आहे.

परीक्षेच्या दिवशी मी हिला केंद्रावर सोडलं आणि बाहेर कठड्यावर पाण्याची बाटली घेऊन बसलो. आत जाताना ही म्हणाली, घरी कोणी काही हलवलं नाहीये ना? मी कन्येला फोन करून खात्री करून घेतली, सलूनवाल्यालाही केला. त्याने सांगितलं की आज दुकान उघडलं आहे पण कपाटातल्या बाटल्यांना हात लावलेला नाही, सगळ्यांना कोरडीच दाढी चालली आहे. ही बाहेर आली. सगळं पाणी प्यायली. मला विचारायचा धीर होईना. मग आपणहून म्हणाली की पहिला सक्तीचा प्रश्न आला होता तो अभिजातवाद आणि रोमँटिक काळ यांच्या मधल्या संक्रमणकाळावर. मी उठलो होतो तो परत कठड्यावर बसलो. कारण गेल्या वेळी हिचं गणित तिथेच चुकलेलं, तोच तो गाळलेला तुकडा. आणि मला अख्खं घर पाठ आहे, दादा. टेबल संपलं की बाल्कनी. मध्ये काही नाहीच. मी म्हटलं, अगं, तो तर आपल्या घरात नव्हताच. ही म्हणाली, होता. आणि रिक्षा बोलवायला पुढे गेली.

तेव्हापासून मी विचार करतो आहे. काल टेबलापासून बाल्कनीपर्यंत तीनदा चालून आलो. खाली वाकून पाहिलं, भिंती पाहिल्या. माझ्या वेताच्या खुर्चीशिवाय तिथे दुसरं काहीही नाही. तुम्ही तिचे भाऊ, लहानपणापासून तिला ओळखता, तुम्हाला काही अंदाज लागला तर कळवा. निकाल अजून यायचा आहे. आला आणि वाईट असला तर दोष त्या कपाटाचा, म्हणजे माझा, हे मी स्वतःशी कबूल करून ठेवलं आहे, आणि हिला तोंड कसं दाखवायचं याचा विचार करतो आहे.

तर अशी सगळी खुशाली. गुडघ्याला जपा. वहिनींना नमस्कार सांगा आणि थोरल्या चिरंजीवांना आशीर्वाद.

तुमच्या बहिणीचा, गोदामातून सुटलेला पण घरात अडकलेला,
नवरा

ता. क. पत्र पाकिटात घालतच होतो तेवढ्यात निकाल आला. सुटली. इतिहासात चांगले गुण आहेत. निकाल पाहून ही बराच वेळ खिडकीशी उभी होती आणि मी धास्तावून पडद्यांकडे बघत होतो. पडदे जागच्या जागी राहिले. मग ही वळून म्हणाली की आता नळ दुरुस्त करा. दादा, मी पाना घेऊन न्हाणीघरात गेलो आणि दार लावून थोडा रडलो. सलूनमध्ये सगळ्यांची दाढी आज फुकट आहे असं कळतं.

ता. क. दुसरा. पत्राचं खरं कारण लिहायचं राहूनच गेलं. आता समीक्षेचा पेपर उरला. त्यात नुसत्या पंथांचीच गर्दी आहे, आणि आमचं घर दारापासून माळ्यापर्यंत भरलेलं. तुमचं घर मोठं, खोल्या मोकळ्या, सामान जागच्या जागी. तेव्हा तुमच्या बहिणीला महिनाभर तुमच्याकडे पाठवावं असं मनात आहे. तिची माहेरपणाची हौस होईल आणि समीक्षाही पाठ होईल. तुम्ही फक्त काही हलवू नका. इथली काळजी नको, मी एकटा घर बघेन.

ता. क. तिसरा. दादा, ह्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. मी कुठेही येत नाहीये. परीक्षा झाली की ठेवलेलं सगळं उतरवता येतं, त्याच घरात समीक्षा बसेल. ह्यांना घर रिकामं हवंय ते सामान इकडचं तिकडे करायला. काल सोफा मोजताना पकडले. तेव्हा तूच ह्यांना पंधरा दिवस बोलावून घे आणि तुझी अडगळीची खोली लावायला दे, खूश होतील. आणि अजून ह्यांना कळलेलं नाही, पण तू सांगू नकोस, मी सांगेन. तो मधला काळ असा होता की माणसांना नियम सोडवत नव्हते आणि मन तर भरून येत होतं, आपल्याला काय होतंय ते त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. काही कवी तर थडग्यांपाशी बसून उदासपणे विचार करत बसायचे. गेल्या वेळी मी टेबलावरून थेट बाल्कनीत उडी मारली आणि तोंडावर पडले. या वेळी डोळे मिटले तर दारातल्या खुर्चीत हे बसलेले दिसले, एक पाय आत, एक बाहेर, तेच तोंड करून. चार पानं लिहिली. तेव्हा ह्यांना ने, पण पेपरच्या आधी परत पाठव. त्या खुर्चीत कोणी नसलं की मला पुढे जाता येत नाही.